खोडीवरचा उतारा

नवलचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान जळगावात, अजिंठा रस्त्याच्या आत एका गल्लीत आहे. माणूस मूळचा धरणगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, वय पस्तिशीच्या आसपास. आठवडाभर तो जळालेल्या मोटारींतून काळी पडलेली तार उपसतो, नवी भरतो, आणि रविवारी दुपारी शटर ओढून कौतिकनानांच्या गेम पार्लरमध्ये जातो. बायको मेघा यावर एवढंच म्हणते, की दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात, माझा टीव्हीतल्या पहिलवानाला मारामारी करायला लावतो.

पहिलवान हे नाव नवलनेच दिलेलं. गेममध्ये त्या भल्यादांडग्या गड्याचं नाव काहीतरी परदेशी आहे, ते कुणाला उच्चारता येत नाही. पहिलवानाकडे लाथाबुक्क्या आहेत, उचलून आपटणं आहे, आणि एका बटणावर खोडी आहे. ते बटण दाबलं की पहिलवान समोरच्याकडे पाठ फिरवतो आणि निवांत आळस देतो. त्यात समोरच्याला काही इजा होत नाही. फक्त तो चिडतो.

कौतिकनानांच्या पार्लरमध्ये खोडीला रीत होती. नवख्याची खोडी काढायची नाही. ज्याची काढायची तो बरोबरीचा हवा, आणि हसणारा हवा. खोडी काढल्यावर कंट्रोलर मांडीवर ठेवायचा, हात बाजूला घ्यायचे आणि समोरच्याचा एक फटका गपगुमान खायचा. याला तिथे उतारा म्हणत. उतारा दिला-घेतला की मन साफ, मग पुन्हा मारामारी. ज्याची कुणी खोडीच काढत नाही, तो अजून आपल्यातला झालेला नाही असं समजायचं.

नवलची सगळ्यात जास्त खोडी प्रशील काढायचा आणि प्रशीलची नवल. प्रशील बोदवडचा. तिथे एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करतो. नवलपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, तरी खेळताना दोघांत अरेतुरे. दर रविवारी तो गाडीने जळगावला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. त्याचे वडील, भिकाबाबा, रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाले तरी गाड्यांच्या वेळा त्यांच्या अंगात होत्या. गाडीला अर्धा तास उरला की प्रशीलचा फोन वाजायचा, आणि हातातली बाजी टाकून तो उठायचा.

यावरून नवलने ती ओळ काढली. प्रशील हरायला लागला, की पहिलवानाला आळस द्यायला लावायचा आणि आपल्या अहिराणीत म्हणायचं, "घर जाय भो, तुना आबा वाट देखी राह्यना." घरी जा, तुझा बाप वाट बघतोय. बाकीच्यांनी ती उचलली. पुढे पुढे पार्लरमध्ये कुणीही हरत असलं, की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, "घर जाय भो!" नवलला याचा अभिमान होता. आपण बोललेलं चार लोक बोलतात, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती.

दिवाळीनंतर प्रशील काही रविवार आला नाही. लॅबमध्ये काम असेल, असं नवलने धरलं. फोन केला नाही. मग एका रविवारी तो आला. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. थोडा वाळला होता. नवलने खुर्ची ओढून दिली आणि दोघं खेळायला बसले.

नवल पुढे होता. पहिलवानाची ताकद अर्ध्याहून जास्त, प्रशील गेममध्ये घ्यायचा त्या चपळ पोरीची अगदी थोडी. प्रशील चुकत होता, साध्या लाथा अडवत नव्हता. नवलने पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ पाहिला, मग प्रशीलच्या खिशाकडे पाहिलं आणि खोडीचं बटण दाबलं. पहिलवानाने पाठ फिरवून आळस दिला.

"काय भो, आज आबाना फोन उना नही?" नवल म्हणाला. "मंग तूच जाय ना घर. वाट देखी राह्यना!"

मागचे दोघे-तिघे सवयीने हसले. नवलने कंट्रोलर मांडीवर ठेवला, दोन्ही हात वर केले आणि उताऱ्याची वाट बघत बसला.

फटका आला नाही. पडद्यावर प्रशीलची पोरगी जागच्या जागी डुलत उभी होती. पहिलवान तिच्यासमोर उघडा.

"मार ना. उतारा दे लवकर."

प्रशील पडद्याकडे बघत होता. बोटं बटणांवर होती, ती हलत नव्हती. रीतीप्रमाणे नवलला कंट्रोलर उचलता येईना. कोपऱ्यातला आकडा उतरत उतरत शून्यावर आला, आणि ज्याची ताकद जास्त तो विजयी या हिशेबाने यंत्राने पहिलवानाला जिंकवलं. पहिलवान हात वर करून नाचला. तो नाच मध्येच थांबवता येत नाही.

प्रशीलने कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

कौतिकनाना गल्ल्यावरून उठून आले. ते एरवी कुणाच्या खेळात बोलत नाहीत.

"त्याचे बाबा गेले, नवल. महिना होत आला."

 काहीतरी बोलायला हवं म्हणून नवल बोलला, आणि मोठ्याने बोलला. "मला कोण सांगणार नाना? डोकं तरी भादरलेलं असतं तर कळलं असतं ना!"

प्रशील दारात उभा होता. पिशवी घ्यायला परत आला होता.

"आमच्यात नाही भादरत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला मागच्या रविवारी. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, नवलभाऊ."

दोन वर्षांत तो पहिल्यांदाच नवलला तुम्ही म्हणाला.

त्या आठवड्यात नवलने एका मोटारीचं वाइंडिंग उलटं भरलं आणि पुन्हा सगळं उपसलं. स्वतःशी तो बाजू मांडून बघत होता. मला माहीत नव्हतं. पण माहीत का नव्हतं, इथे येऊन गाडी अडायची. दोन वर्षांत त्याने प्रशीलला घरचं काही विचारलं नव्हतं. बाप फोन करतो एवढं त्याला माहीत होतं, आणि तेवढ्याचा त्याने विनोद केला होता. मेलेल्याच्या घरच्यांना ओळखायची एकच खूण त्याला येत होती, ती आपल्या घरातली. बाकीच्यांच्या घरात वेगळं असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

शेवटी तो बोदवडला गेला. जाताना मेघाने विचारलं, "त्यांच्यात भेटायला जाताना काय नेतात?" दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्याने सफरचंदं घेतली.

प्रशील लॅबमध्ये होता. घरी त्याची आई, पार्वताबाई. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिकाबाबांचा फोटो. नवलने त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं. पार्वताबाईंनी पाणी दिलं आणि नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच का ते धरणगावकडचे नवलभाऊ? प्रशीलनं तुमच्या बोलीतली ती ओळ घरी येऊन सांगितली होती. यांना लई आवडली. मग काय, दर रविवारी फोन लावला की हेच म्हणायचे, घर जाय भो, तुना आबा वाट देखी राह्यना. आमची बोली ती नाही, पण हे मुद्दाम तसंच म्हणायचे. हसायचे आणि फोन ठेवायचे."

नवलने पाण्याचा पेला खाली ठेवला. चहा घ्या, असं त्या दोनदा म्हणाल्या. चहा येईपर्यंत तो फोटोकडे न बघता बसून राहिला. पार्लरमध्ये काय झालं हे प्रशीलने आईला सांगितलेलं नव्हतं. नवलनेही सांगितलं नाही. माफी मागायला आलेला माणूस कौतुक ऐकून परतला.

प्रशील पुढेही रविवारी येत राहिला. नवलशी खेळायचाही. "तुम्ही आधी निवडा, भाऊ," म्हणायचा, हरला की "छान खेळलात," म्हणायचा. खोडी मात्र एकदाही काढली नाही. पार्लरमध्ये नवख्याशी वागतात तसं अगदी अदबीने तो वागायचा. नवलने एकदा सगळ्यांदेखत कंट्रोलर मांडीवर ठेवून पहिलवानाला तसाच उभा केला. "राहिलेला उतारा दे," म्हणाला.

"उतारा खेळातल्या खोडीवर असतो, भाऊ," प्रशील म्हणाला. "उचला. खेळा."

नवलने खोडीचं बटणच सोडून दिलं. ती ओळ पार्लरमधून आपोआप गेली. कुणी ओरडू लागला की कौतिकनाना गल्ल्यावर नाणं वाजवायचे.

थंडी सरत आली होती. एका रविवारी दोघांचे डावावर डाव लांबत गेले. नवलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गाडीला अर्धा तास होता. प्रशीलचं लक्ष पडद्यावर. नवल सांगायला निघाला आणि थांबला. गाडीची वेळ झाली, हे या खोलीत सांगायची एकच ओळ होती आणि ती त्याने नासवली होती. दुसऱ्या कोणत्याही शब्दांत सांगितलं तरी तीच ऐकू जाईल, असं त्याला वाटलं. घड्याळ पुढे सरकलं. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा गप्प बसला. आपण जपून वागतोय, असं तो स्वतःला सांगत होता.

प्रशीलने मान वर केली तेव्हा गाडी स्टेशनातून सुटली असणार.

"अरे! गाडी गेली."

तो नवलकडे वळला.

"तू घड्याळ बघत होतास," प्रशील म्हणाला. "दोनदा बघितलंस. मला वाटलं, अजून वेळ आहे."

नवलला ते ‘तू’ ऐकू आलं, पण त्यात आनंद वाटण्याजोगं काही नव्हतं. "कसं सांगू?" तो म्हणाला.

"तोंडाने. गाडीची वेळ झाली, एवढंच म्हणायचं होतं. आता मला कुणाचा फोन येत नाही, हे तुला माहीत आहे ना? आता तर माहीत आहे."

नवलने मान हलवली. कंट्रोलर मांडीवर ठेवला. हात बाजूला घेतले. या वेळी त्याने काही मागितलं नाही. त्याला फक्त हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

हातातला डाव अजून चालू होता.  प्रशीलने एक बटण दाबलं. पोरीने पहिलवानाच्या छातीत एक साधा ठोसा मारला. पहिलवान अर्धं पाऊल मागे गेला.

"हा गाडीचा," प्रशील म्हणाला. "आधीचा नाही. तो मी देणार नाही."

"बरं."

"चल, सोड मला बोदवडला."

नवल उठला आणि खिशात मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. सापडायला वेळ लागला. भुसावळच्या पुढे रस्त्यावर अंधार पडला. प्रशील मागे बसला होता, थंडीने कॉलर वर करून. घर येईपर्यंत नवलने गाडी एका वेगात ठेवली.