धाबळीची चकती

आमच्या घरी माझ्याशी कोणी भांडत नसे. भांडायचं तर समोरच्याशी बोलावं लागतं, आणि वडील माझ्याशी बोलतच नसत. मी पुढ्यात बसलेला असलो तरी ते आईला म्हणत, "त्याला विचार, किती दिवस मुक्काम आहे." आई माझ्याकडे बघे, मी आईला सांगे, दोन दिवस, आणि ते पुन्हा पेपरात तोंड घालत. इंटरला नापास होऊन मी अकोल्याला एका उस्तादाच्या हाताखाली मोटारी दुरुस्त करायला लागलो, तेव्हापासूनचा हा रिवाज. सहा वर्षं चालला होता. अमरावतीच्या कोर्टात ज्यांच्या उलटतपासणीला साक्षीदार घाबरत, त्या माणसाला पोटच्या पोराशी एक वाक्य बोलवत नव्हतं. मला तेव्हा त्याचा संताप येई आणि आजही येतो. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळलो नाही.

घर सोडलं तेव्हा गडबडीत माझे नट आवळायचे पाने मागच्या पडवीत राहून गेले. बडनेऱ्याच्या रेल्वेतला एक म्हातारा फिटर नोकरीतून सुटताना मला देऊन गेला होता तो इंग्रजी मापाचा संच. आठ दिवसांनी मी पत्र लिहून आईकडे तो मागवला. उत्तर आलं की, ते म्हणतात, विहिरीत टाकले. मागच्या अंगणातली विहीर, बारमाही पाण्याची, तिच्यात पडलेलं भांडंसुद्धा कधी हाती लागलं नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नाही.

मोटारसायकल मी अकोल्यातच बांधली. बांधली म्हणतो ते खरंच बांधली. इंजीन लढाईच्या काळातल्या एका लष्करी गाडीचं, लिलावातून फिरत फिरत उस्तादाच्या परसात येऊन पडलेलं. सांगाडा दुसऱ्याच गाडीचा, टाकी तिसरीची. इंजीन त्या सांगाड्यात नीट बसेना. पुढच्या बाजूला, जिथे त्याचा पाय सांगाड्याच्या नळीला बोल्टाने आवळायचा, तिथे बोटाच्या पेराएवढी फट राही. लोखंड घातलं तर हादरे थेट बसत, रबर महिन्याभरात चुरा होई. शेवटी कापसाच्या जिनातल्या मशिनीच्या जुन्या पट्ट्याचं जाड चामडं आणून मी त्याची गोल चकती कापली आणि फटीत घातली. गाडी अशी चालली की उस्ताद दोन फेऱ्या मारून आला आणि त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. त्याच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट कोणाला मिळालं नाही.

ती गाडी मी दादाला वापरायला दिली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वडिलांच्याच हाताखाली वकिली करी आणि दर्यापूरच्या कोर्टात खेपा घाली. मला त्याचा फार उमाळा होता असं नाही. वडिलांच्या अंगणात माझ्या हातची गाडी रोज उभी राहावी, रोज त्यांना दिसावी, एवढंच मला पाहिजे होतं. वडिलांचं सोवळं कडक. तांबडी लोकरीची धाबळी नेसल्याशिवाय ते देवाला हात लावत नसत. चामड्याची वस्तू ओट्याच्या आत येत नसे, दादाचा कमरपट्टासुद्धा बाहेर खुंटीला असे. गाडी उभी राहणार विहिरीजवळ, आणि विहिरीचं पाणी देवाला. आईमार्फत मला विचारलं गेलं, सीट कशाची आहे? मी म्हटलं, मेणकापडाची, चामडं नाही. चकतीची आठवण मला झाली होती. पण इंजिनाच्या पायाखाली कोण मरायला बघायला बसतं, म्हणून मी गप्प राहिलो.

चार महिन्यांनी दादाचं कार्ड आलं. "तुझ्या इंजिनाने ठोकायला सुरुवात केली आहे. येऊन आपली कलाकृती बघून जावी." अमरावतीतल्या दोन मिस्त्र्यांनी ऐकून सांगितलं होतं, बिगेंड गेला. बिगेंड म्हणजे इंजिनाच्या पोटातलं मुख्य बेरिंग, आणि ते मी स्वतः, दुसऱ्या कोणाला हात न लावू देता, बसवलं होतं. ते गेलं म्हणजे माझीच अब्रू गेली.

मी शुक्रवारी पोचलो. पाय धुतो न धुतो तोच वडील आईला म्हणाले, "त्याला सांग, दोष इंजिनात निघाला, तर ही मिस्त्रीगिरी बंद. शाळेत कारकुनाची जागा आहे, मी शब्द टाकला आहे. सोमवारी रुजू व्हायचं."

दादा दारात उभा राहून मिशीत हसत होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी आईलाच म्हटलं, "सांग त्यांना, मंजूर आहे. आणि इंजिनात नाही निघाला तर पुन्हा या घरात माझ्या धंद्याबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही." आईने दोन्हीकडे बघितलं आणि ती चुलीकडे निघून गेली.

उस्तादाने मला एकच गोष्ट शंभर वेळा शिकवली होती. आवाज आला की आधी बाहेरून बघायचं, एकेक नट, एकेक टेकू, आणि मगच इंजीन उघडायचं. त्या दिवशी मी ते पार विसरलो. स्टँडवर गाडी चालू केली तर काही नाही. थंड असताना पिस्टन वाजतो तसा आवाज नाही, वरच्या टॅपेटची टिकटिक नाही. नुसतं गुरगुरणं, स्वच्छ. मग बडनेऱ्याच्या रस्त्याला रेल्वेच्या पुलावर नेली. चढ लागला, थ्रॉटल पिळलं, आणि खालून ठकठक सुरू झाली. जड आवाज, जोर पडला की येणारा, जोर काढला की जाणारा. बिगेंडचा आवाज असाच असतो, बापा.

परत आल्यावर पुढच्या बाजूला ओझरतं बघितलंही. सगळे नट जागच्या जागी होते. अडाण्याचा हात फिरला की नटाचे कोपरे गोल होतात, ओरखडे पडतात. तसं कुठे काही नव्हतं. म्हणजे बाहेर कोणी हात लावलेला नाही, असं मी ठरवून टाकलं आणि शनिवारी सकाळी सगळ्या घरादेखत इंजीन उघडलं.

हेड काढलं, सिलिंडर काढला, रॉड हातात धरून वरखाली ओढला. केसभर हालचाल नाही. पुन्हा ओढला. नाही. बिगेंड ठणठणीत होता. आनंद व्हायला पाहिजे होता, पण सगळं परत बसवून गाडी पुलावर नेली तर ठकठक तशीच. संध्याकाळ झाली. वडील विहिरीवर संध्येचं पाणी घ्यायला आले, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि आत जाऊन आईला म्हणाले, शाळेत जायचं तर हे हात राखेनं घासावे लागतील. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले. त्या क्षणी ते मला वैऱ्यासारखे वाटले. मी जेवलो नाही.

रविवारी सकाळी डोकं थोडं ताळ्यावर आलं. आवाज जोर पडल्यावर येतो, आणि चालत्या गाडीवर मला तो नीट तपासता येत नाही. म्हणजे उभ्या गाडीवर जोर आणला पाहिजे. पुढचं चाक भिंतीला टेकवायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, कोणीतरी वर बसून क्लच हळूहळू सोडायचा. गाडी पुढे जाऊ शकत नाही आणि इंजीन धापा टाकतं. पण वर बसायला माणूस लागतो, आणि घरात गाडी चालवता येणारा दुसरा माणूस एकच होता.

मी दादाला सांगितलं. तो लगेच तयार झाला. माझी फजिती पाहायला त्याला सर्वांत पुढची जागाच मिळत होती. चाक विहिरीमागच्या भिंतीला टेकवून तो वर बसला. मी बाजूला उकिडवा बसलो, लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. माझं डोकं चाकापासून हातभर अंतरावर होतं. क्लच एकदम सुटला असता तर काय झालं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "हळू," मी म्हटलं. "शिकवू नको," तो म्हणाला. त्या सगळ्या वेळात आमचं झालेलं हे एवढंच बोलणं.

इंजिनाने धाप टाकली आणि ठकठक सुरू झाली. पेचकस इंजिनाच्या पोटाला लावला, आवाज लांबून आल्यासारखा. सिलिंडरला लावला, आणखी लांब. पुढच्या पायाला लावला आणि कानात घण बसला. तेव्हा मी डोळे उघडून बघितलं. क्लच सुटला की इंजीन त्या पायावर नखभर उचलत होतं आणि परत आपटत होतं. इंजिनात काही नव्हतं. ते सांगाड्यात सैल बसलं होतं.

बंद कर म्हणालो. बोल्ट सोडवला आणि फटीत पान्याचं टोक घातलं. चामड्याची चकती नव्हती. तिच्या जागी दुसरी चकती निघाली, कात्रीने अगदी गोल कापलेली, चार पदरी, कडेने दोऱ्याने टाचलेली. तेलाने काळी झालेली, दाबून पोळीएवढी पातळ झालेली. मी ती चोळली तेव्हा आतून तांबडी लोकर दिसली. वडिलांची सोवळ्याची धाबळी. चामडं विटाळाचं, लोकर सोवळ्यात चालते, असा हिशेब होता. इंजिनालाही सोवळं नेसवलं होतं!

मी ती चकती घेऊन तसाच ओट्यावर गेलो. वडील पक्षकारांचे कागद बघत बसले होते. चकती मी त्यांच्या कागदांवर टाकली. म्हटलं, "हा तुमचा आवाज."

त्यांनी ती बघितली. वर बघितलं नाही. "चामडं होतं," ते म्हणाले. आई तिथे नव्हती, तेव्हा कोणाशी बोलायचं हे त्यांनाही ठरवावं लागलं असेल. "नाही म्हणून सांगितलंस. मी काढलं."

मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. खरंतर मी ओरडणारच होतो. तीन दिवस माणसाला काळं होऊन रांगताना बघितलंत, कारकुनाची जागा ठरवलीत, आणि हे ठाऊक असून बोलला नाहीत, असं सगळं जिभेवर आलं होतं. आवाज त्यामुळे आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. पण तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुसरीच गोष्ट डोक्यात आली.

तो नट. इंग्रजी मापाचा नट. घरातल्या पकडीने धरला असता तर कोपरे गेले असते, हातोडीने ठोकला असता तर ओरखडे दिसले असते. त्याच्यावर काहीच नव्हतं. म्हणूनच तर मी फसलो होतो. बरोब्बर मापाचा पाना लावून, तो पूर्ण बसवून, एका दमात सोडवलेला आणि तितक्याच जोराने परत आवळलेला नट होता तो. माझ्या हाताखालचे लोक दोन वर्षं शिकूनही असा आवळत नव्हते. आणि त्या मापाचा पाना त्या घरात एकाच संचात होता.

"माझे पाने कुठे आहेत?" मी विचारलं.

ते उठले, आत गेले आणि पुस्तकांच्या फडताळामागून एक गुंडाळी घेऊन आले. ओट्याच्या कडेला ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी फडकं सोडलं. सगळे पाने जागच्या जागी होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. सहा वर्षांत एकावरही गंजाचा ठिपका नव्हता. तेलाचा हात ताजा होता.

"घे," वडील म्हणाले. "गाडीपण ने. चामडं या घरात राहणार नाही."

सहा वर्षांत ते थेट माझ्याशी बोलले ते त्या सकाळी, आणि एवढंच. मी पाने उचलले, पाया पडलो नाही. माझ्या हत्यारांच्या थैलीत पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा होताच, विहिरीजवळ बसूनच नवी चकती कापली, त्यांच्या डोळ्यांदेखत बसवली, आणि बोल्ट आवळला. आई दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी गाडी चालू केली होती. पुलावर चढ लागला, थ्रॉटल पिळलं, आणि इंजीन एका सुरात वर गेलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मी गाडी थांबवली आणि तो नट पुन्हा एकदा सोडवून आवळून बघितला. त्यांच्याइतका साफ मला जमला नाही. सगळे म्हणत, आमच्या घराण्यात हा हात कुठून आला कोणास ठाऊक. मला त्या दिवशी कळलं कुठून आला. आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं, याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलं नाही.