त्या मेंढीला तिनं हात लावला नव्हता

कांदा निघाला की वारूळवाडीच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हे ठरलेलं. नव्वदच्या दशकात मी तिकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस होतो. लोक मलाच डाक्टर म्हणत, आणि मी म्हणू देत असे.

एका दुपारी कळपाचा म्हातारा धनी धापा टाकत आला. मेंढी अडली होती. डॉक्टर मीटिंगसाठी घोडेगावला गेलेले, म्हणून मीच निघालो.

रानात त्याची सून मेंढीजवळ बसली होती. सगळ्या कळपाची बाळंतपणं तीच करायची. पण म्हातारा निघताना तिला बजावून आला होता, हात लावू नको, सरकारी माणूस येतोय. कोकराचं डोकं बाहेर होतं, जीभ सुजलेली, पुढचे पाय आतच.

"डाक्टर, डोकं मागं सारा, मंग पाय गावतील," ती म्हणाली. "तेल देऊ का?"

"आता तुमी शिकवा आमाला," मी म्हणालो. म्हातारा हसला.

त्या हसण्यानं मला जोर चढला. डोकं धरून मी तसंच ओढलं. आत काहीतरी फाटल्याचं हाताला कळलं. कोकरू मेलेलं आलं. तासाभरात मेंढीही गेली.

"कसं झालं हो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी यायच्या आधीच हिनं ओढाओढ केलेली दिसते."

"मी हातबी लावला न्हाई, मामा."

"गप. सरकारी माणूस खोटं कशाला बोलंल?"

दवाखान्याच्या रजिस्टरात मी तसंच लिहिलं.

पुढच्या वर्षी मेंढरं पुन्हा तिथंच बसली. एक मेंढी व्यायला झाली होती आणि म्हाताऱ्याची ही सून लांब चुलीपाशी, पाठमोरी. तिला आता कुणी बोलवत नव्हतं.

निवृत्तीनंतर लेण्याद्रीच्या वाटेवर त्यांचाच कळप दिसला. ती म्हातारी झाली होती, सासरा कधीच गेला होता. मी तिच्यापाशी बसून खरं काय ते सांगितलं.

"मला काय सांगताय? मला ठावंच व्हतं," ती म्हणाली. मेंढरांत उभ्या असलेल्या सुनांकडे तिनं हात केला. "त्या मला अजून हात लावू देत न्हाईत. त्यांना सांगा."

एक सून चहा घेऊन आली. "पावणं, साखर लई झाली का?" तिनं विचारलं.

नाही म्हणालो. चहा प्यायलो आणि एसटी धरली.

तिथं बोलायचं होतं ते इथं लिहितो आहे. ओढलं मी. तिनं हात लावला नव्हता.