सुभेदारांच्या दारी न वाजलेली हलगी

खून-दरोडे पाहिलेल्या माणसाने एका फाटलेल्या हलगीची गोष्ट सांगावी, याचं कुणालाही हसू येईल. पण ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्या वर्षी पालिकेने घरपट्टी वाढवली आणि एक पेठ अडून बसली. आधी गटार झाका, मग पट्टी भरतो. गटार पेठेच्या तोंडाशीच उघडं पडलेलं. पालिकेच्या अंदाजपत्रकात मात्र पैसा निघाला तो चौकातल्या कारंज्याला आणि सेल्फी पॉइंटला. कारंजं उद्‌घाटनाच्या दिवशी उडालं, पुढे त्यात फक्त डास झाले. पेठेचे अर्ज लिहायचे ते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. ताठ माणूस. पोच घेतल्याशिवाय पालिकेची पायरी उतरत नसत.

मार्चअखेरीस वसुली पथक निघालं, पुढे हलगी. थकबाकीदाराच्या दारात हलगी कडाडली की शेजारीपाजारी बाहेर येतात आणि घरातला माणूस लाजेने पट्टी भरतो. पथक त्या पेठेत जाणार होतं त्याच सकाळी मुख्याधिकारी तणतणत ठाण्यात आले. वाटेत कुणीतरी हलगी हिसकावून फाडली होती. सोबत आलेला हलगीवाला पन्नाशीचा, मितभाषी. खाली मान घालून म्हणाला, "दोगं हुते साहेब. तोंडाला रुमाल बांदल्याले. वळखू आले न्हाईत."

मी तक्रारअर्ज चौकशीवर घेतला, हलगी ताब्यात ठेवली आणि हलगीवाल्याला घरी पाठवलं. तासाभरात चौकातल्या सलूनवाल्याचा फोन आला.

"साहेब, कालच सुभेदार बोलल्यात, माज्या दारात हलगी आली तर फोडून टाकीन म्हनून. धा जणांनी ऐकलंय."

मला आणखी काय हवं होतं? सुभेदारांना बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, अर्जांची फाईल काखेत घेऊन आले. त्यांना माझ्या खोलीत खुर्ची देता आली असती. मी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. चार लोकांच्या नजरेसमोर बसला की माणूस सैल होतो, असं आमच्या खात्यात मानतात, आणि मीही ते डोळे झाकून मानत होतो. तो बाक रस्त्यावरून दिसायचा. दुपारपर्यंत कुणीतरी त्यांचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलासुद्धा.

तीनदा आत बोलावून विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. "बोललो व्हय. रागात बोललो. फोडली न्हाई." शेवटच्या वेळी त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. "साहेब, ह्यातल्या एका बी अर्जावर गटार बघाय कोन आलं न्हाई. हलगी फाटली, तर तुमी लगेच उठलासा."

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी फाईल उघडलीही नाही. त्यांना परत बाकावर बसायला सांगितलं.

संध्याकाळी पंचनाम्यासाठी हलगी हातात घेतली आणि माझाच हात थांबला. हिसकाहिसकीत कातडं वेडंवाकडं फाटतं. इथे कडेने सरळ चीर होती, आणि तिच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. म्हणजे पातं आतून चाललेलं, जिथे वाजवणाऱ्याचा हात असतो तिथून. मी हलगीवाल्याला मागच्या दाराने माझ्या खोलीत बोलावलं आणि ती चीर दाखवली. त्याने चिरेवरून एकदा बोट फिरवलं.

"मीच फाडली साहेब. यादीत पैलं घर सुभेदारांचं. फौजेतनं कायमचं घरी आलं, तवा ष्टँडापासनं दारापातूर मीच वाजवत आनलं हुतं त्यास्नी. हीच हलगी. लय मानानं. आता त्याच दारात त्यांची अब्रू घालवाया कशी वाजवू? आन न्हाई म्हनलं, तर पालिकेचं काम जातंय."

बोलता बोलता त्याची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. बाकावर सुभेदार ताठ बसले होते. "साहेब," तो चाचरत म्हणाला, "त्यास्नी हितं का बसवलंय?"

मी अर्जाचा कागद पुढे ओढला.

गुन्हा अजून दाखल नव्हता. हलगी वादकाच्याच हातून फाटली, असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. सुभेदारांना घरापर्यंत सोडायला जीप देऊ केली. ते म्हणाले, "नगं. पोलिसांच्या गाडीतनं उतरताना आनखी लोक बघतील." चालत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरपट्टी भरली. त्यांच्यामागोमाग सगळ्या पेठेने भरली. गटारासाठी पुन्हा अर्ज आला नाही.

संशयिताला कुठे बसवायचं, हे शिकायला मला इतकी वर्षं लागली. चौकशीतून माणूस निर्दोष सुटतो तो कागदावर. बाकावर बसलेला मात्र सगळ्या गावाने पाहिलेला असतो.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. गावाने निरोपाची मिरवणूक काढली, पुढे तोच हलगीवाला, हलगीला नवं कातडं. मिरवणूक त्या पेठेकडे वळली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलगी थांबवली. मग आम्ही सगळे ते उघडं गटार एकेक करून ओलांडून सुभेदारांच्या बंद दारासमोरून मुकाट्याने पुढे गेलो.