मांडवातली जाखडी

नातीच्या हळदीला भरदुपारी बेंजो लागला आणि माझा मुलगा नाचायला उठला. नात हळदीने माखलेली, पाटावर बसूनच तिने माझा पदर ओढला. "आजी, पप्पांना बसव ना गं. माझ्या ऑफिसची सगळी आलीयेत. मोबाइल काढलेत त्यांनी."

तिचं काही चुकत नव्हतं. आमच्या पोलादपूरकडचे पुरुष गणपतीत जाखडी नाचतात. मध्ये ढोलकीवाला बसतो, भोवती रिंगण. उजव्या पायात घुंगरांचे चाळ बांधायचे, कमरेत वाकायचं आणि तो पाय आपटत फिरायचं. गणपतीत ते शोभतं. पण माझ्या मुलाला दुसरा नाचच येत नाही. इतकी वर्षं मुंबईत काढली, तरी कुठलंही गाणं लागो, हा जाखडीच नाचणार. त्यात मध्ये काहीतरी हवंच. त्या दिवशी मध्ये स्पीकर होता. हा कमरेत वाकून, जीभ दातांत धरून, स्पीकरला प्रदक्षिणा घालत होता.

हे त्याला माझ्या बापाकडून आलंय. आणि माझ्या लग्नात मी कोण शहाणी! सातवी शिकलेली, महाडच्या बाजारपेठेतलं सासर मिळालेलं. तोंडातून 'हाय' जाऊ नये म्हणून महिनाभर आरशासमोर 'आहे, आहे' घोकत होते. आईकडून बापाला निरोप धाडला, "बा नाचला तर मी बोहल्यावर उभी राहणार नाय." निरोपात 'नाय' गेलंच.

बा नाचला नाही. खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीत बसून राहिला. गावातली माणसं उठवायला आली तर म्हणाला, "गुडघा धरलाय रे." पुढे कधीतरी सासूबाई म्हणाल्या, "तुझे वडील जाखडीत नावाजलेले ना? बघायला मिळेल म्हणून आम्ही वऱ्हाड मुद्दाम लवकर आणलं होतं." मी म्हटलं, "त्यांचा गुडघा धरला होता." बापापाशी तो विषय मी कधी काढला नाही. त्यानेही नाही.

तर नातीला म्हटलं, "थांब, सांगते त्याला." उठले, मुलाचा कान धरून त्याला खाली ओढलं.

"काय गो आये?" तो घामाने निथळत होता.

"लेक म्हणतेय, आणखी वाकून नाच. तिच्या ऑफिसवाल्यांना नीट दिसत नाय."

"खरंच म्हणाली?"

"मग मी काय खोटं बोलते?"

त्याने चपला भिरकावल्या. पाय असा आपटला की मांडवातली म्हातारी माणसं सावरून बसली. ऑफिसातली तीन-चार पोरं मोबाइल खिशात टाकून त्याच्या मागे वाकली.

नात पाटावरून उठून तरातरा आली. "आजी! काय सांगितलंस त्यांना?"

हळदीच्या अंगाने पोर रडली असती, तर माझा चावटपणा मलाच महागात पडला असता. पण मी तोंड उघडायच्या आत मुलाने तिला पाहिलं. "ये गो! तूच सांगितलंस ना?" त्याचा चेहरा असा फुललेला, की 'मी नाही' हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. तिने खाऊ की गिळू असं माझ्याकडे पाहिलं. मी अक्षता निवडायला घेतल्या.

मग तिने पदर खोचला आणि रिंगणात शिरली. चार पावलांतच माझ्या लक्षात आलं, हिला बापाइतकंही येत नाही.