पुढचा शाफ्ट

बाबा खाणीवर जीप चालवायचे. खाण बंद पडली तेव्हा तीच जुनी जीप त्यांनी लिलावात घेतली आणि डिचोलीजवळच्या आमच्या घरी आणली. "म्हज्यापरस तुमकां जीप चड मोगाची," आई म्हणायची. खोटं नव्हतं, तिच्यापेक्षा त्यांचा जीव जीपवर जास्त होता.

मला गाडी शिकवताना त्यांनी आधी जीपखाली आडवं केलं. गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पुढच्या. छोटा लिव्हर ओढला की चारही चाकांना ताकद मिळते. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती जराशी घसरून जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही. मग टायर कुरकुरतात, पेटी फुटायला येते. "डांबरार लिव्हर ओडलो जाल्यार हात मोडटलों हां," असा त्यांचा दम होता.

पुढे घरापर्यंत डांबर आलं. बाबा महाचिकट. लिव्हर न ओढताही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर उगाच फिरतो आणि डिझेल पितो, म्हणून त्यांनी तो काढूनच टाकला. खाणीवरचे त्यांचे जोडीदारही हेच करायचे. शाफ्ट परसात दोडक्याच्या माटवाला, म्हणजे मांडवाला, टेकू म्हणून उभा राहिला.

गेल्या पावसात डोंगरावरचा खाणमातीचा ढीग खचून आमच्या घराच्या वाटेवरच्या चढावावर आला. त्याच सकाळी आईला श्वास पुरेना. रुग्णवाहिका ढिगाच्या पलीकडेच थांबली. बाबांनी जीप काढली. मागे मी आईला धरून बसलो. चढावावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. बाबांनी सवयीने लिव्हर ओढला. पुन्हा ओढला. मग हात तिथेच राहिला.

"शाफ्ट माटवाक आसा," ते म्हणाले. आईनेही ऐकलं.

जवळच्या बांधकामावरचे बेळगावकडचे कामगार धावत आले, त्यांनी जीप ढकलून वर काढली. तोवर फार वेळ गेला होता. म्हापशाच्या इस्पितळाच्या वाटेवर आई गेली. मला बाबांचा भयंकर राग आला होता. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो कुठे काढावा ते कळेना.

बाराव्यानंतर त्यांनी माटव मोडला, शाफ्ट घासूनपुसून परत बसवला. आता ते बाजारालाही लिव्हर ओढूनच जातात. रस्ता कोरडा ठणठणीत असतो. दर वळणावर टायर कुरकुरतात, खालून पेटी कण्हते. ती एक दिवस फुटणार, हे त्यांनीच मला शिकवलंय. मी शेजारी बसतो, लिव्हरला हात लावत नाही.