गुडघाभर पाण्यातली दहा पाउंडांची मादी

व्हर्नेल स्टबलफील्ड अलाबामातल्या एका लहान गावात सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती. सकाळी पोरं शाळेत उतरवली की दुपारी अडीचपर्यंत ती मोकळी. बाकीच्या ड्रायव्हर बायका तेवढ्यात डुलकी काढायच्या, व्हर्नेल मात्र पिकअप गाडीत गळाची काठी टाकून शेतांतली तळी पालथी घालायची. तिच्या नवऱ्याकडे, हॉलिसकडे, चकचकीत मोटरबोट होती, पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदासुद्धा होता. दर शनिवारी तो मोठ्या सरोवरावर जायचा आणि बहुधा उन्हात नाक भाजून, हात हलवत परत यायचा.

"गायी ढुंगण धुतात त्या डबक्यात काय सापडणार तुला?" तो म्हणायचा.

"तुझ्या पडद्यावर पोहतात त्यांच्यापेक्षा मोठे!"

एप्रिलात डॉगवुडची झाडं पांढरी फुलली, तशी व्हर्नेलची झोप उडाली. बास माशांचा अंडी घालायचा हंगाम! एरवी खोल पाण्यात दडणाऱ्या थोराड माद्या या दिवसांत काठाशी, गुडघाभर पाण्यात येतात. गुरुवारी ती मिस युलाच्या तळ्यावर गेली. मिस युला टार्प्ली ऐंशीची, नवरा गेल्यापासून एकटी, गायी राखून राहणारी. तळ्यावर येऊ द्यायचा तिचा मोबदला एकच, आल्यावर तासभर गप्पा मारायच्या.

त्या दिवशी गप्पा नंतरवर ठेवून व्हर्नेल थेट उत्तरेच्या काठावर गेली, कारण तिथलं पाणी उन्हानं आधी कोमट होतं. आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून ती चक्क पालथी पडून सरपटत निघाली. तळाशी ताटाएवढा गोल, स्वच्छ झाडलेला भाग दिसला. नराचं घरटं! नर वर फेऱ्या मारत होता, चिमुकला पण भलताच तोऱ्यात. आणि बुडालेल्या ओंडक्याच्या कडेला काहीतरी काळं हाललं. ओंडक्याचाच तुकडा असेल असं तिला वाटलं. मग त्या तुकड्यानं कल्ले हलवले.

"अगं बाई गं," व्हर्नेल गवतात पुटपुटली.

जांभळी रबरी अळी तिनं घरट्याच्या पलीकडे टाकली आणि हळूहळू आत ओढली. नर धावून आला. तिनं ती त्याच्या तोंडातून हिसकून घेतली. तीनदा असं झालं. "अरे बाबा, तू नको रे! बायकोला बोलव!" चौथ्या वेळी ती काळी सावली पुढे सरकली, तिनं डोकं खाली केलं आणि अळी नाहीशी झाली.

व्हर्नेल उठली, काठी कमानीसारखी वाकली, पाय चिखलात घसरला आणि ती छातीपर्यंत तळ्यात! पण काठी सोडली नाही. शेवटी माशाला बाळासारखं कवेत घेऊन, हसत, खोकत, किंचाळत ती काठाला लागली. "मिस युलाऽऽ! काटा आणा काटा!"

मिस युला बटाटे तोलायचा काटा घेऊन आली, तेही गाऊनवर. "दहा पाउंड, अकरा औंस," तिनं वाचलं. "देवा रे! माझ्या लग्नातला डुकराचा हॅमसुद्धा एवढा नव्हता!"

माशाचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. व्हर्नेलनं मादीला अलगद पाण्यात सोडलं. ती शेपटी झटकून गेली आणि जाता जाता दोघींच्या तोंडावर पाणी उडवून गेली. दोघी गवतात बसून पोट दुखेपर्यंत हसल्या.

दुपारी ती केसांत शेवाळ घेऊनच बसवर चढली. पोरांनी एकच गिल्ला केला. दर थांब्यावर तिनं हात पसरून माशाची लांबी दाखवली. शेवटच्या थांब्यापर्यंत तो मासा चांगला वीतभर वाढला होता.

"थापा!" संध्याकाळी घरी हॉलिस म्हणाला. तिनं सरळ मिस युलाला फोन लावून त्याच्या कानाला धरला. दोन मिनिटं तो नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. मग फोन ठेवून त्यानं विचारलं, "उद्या मी येऊ का गं?"

"बोट नाही आणायची."

"नाही."

"आणि पालथं पडावं लागेल."

शुक्रवारी साडेदहाला हॉलिस, अडीचशे पाउंडांचा गडी, काठावर पोटावर सरपटत होता. एक तांबडी गाय येऊन त्याची मान चाटू लागली. "व्हर्नेल, हिला हाकल ना!" तो कळवळून कुजबुजला. ती कुठली हाकलतेय? हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात हॉलिसनं गाय विसरून मान पुढे ताणली. त्याला ओंडक्याजवळ कल्ले हलताना दिसले होते.