आमच्या ह्यांना पोहता येत नव्हतं

आमचे हे नौदलात होते आणि ह्यांना पोहता येत नव्हतं. हसा, खुशाल हसा. लग्न झाल्या झाल्या मीही पोट धरून हसले होते, तेही ह्यांच्या तोंडावर.

गल्लीत सगळे ह्यांना कप्तान म्हणायचे. कसले डोंबलाचे कप्तान! युद्ध चालू होतं तोवर हे बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा ढकलत होते. कुणी विचारलं, "कप्तान, लढाई कशी असते हो?" की म्हणायचे, "गरम." बस्स. वर तोफा धडाडल्या की खाली डोक्यावर काजळी पडायची, त्यावरून ह्यांना कळायचं की शत्रू आलाय.

मग एका दुपारी बोट फुटली. हे वर कसे आले देव जाणे, पण पाण्यात पडले आणि तरंगणाऱ्या एका दाराला मिठी मारून राहिले. बोटीवरचा आचारी पट्टीचा पोहणारा. त्याने ते दार ह्यांच्यासकट ढकलत ढकलत मदतीच्या होडीपाशी आणलं. ह्यांना वर ओढून घेतलं, आणि हे वळून बघतात तर मागे आचारी नाही. दमला होता बिचारा, तसाच खाली गेला. "मला पोहता येत असतं तर दार त्याला मिळालं असतं," हे मला एकदाच म्हणाले, जेवताना. त्यानंतर ह्या विषयावर मी कधी हसले नाही.

पुढे ह्यांनी जन्मभर एका लाँड्रीत बॉयलर सांभाळला. म्हणजे तिथेही गरमच. पंचाहत्तरी उलटली आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मरायच्या आधी एका तरी माणसाला पोहायला शिकवायचंय."

"अहो, आधी स्वतः तर शिका!"

"शिकतो की."

आणि खरंच गेले की हो! रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर, पहिलीदुसरीतल्या पोरांच्या रांगेत, पोटाला फुगा बांधून. कोच म्हणजे नातीच्या वयाची मुलगी. श्वास कसा घ्यायचा, पाय कसे मारायचे, सगळं ह्यांना पाठ. शेजारच्या पोरांनासुद्धा समजावून सांगायचे. फक्त काठाची दांडी काही सुटेना. ती म्हणायची, "आजोबा, सोडा आता!" हे म्हणायचे, "हो हो, सोडतो," आणि दुसऱ्या हातानेही धरायचे. मी बाकावर टॉवेल घेऊन बसलेली. मान वर करायची सोय नाही.

शेवटी ती पोरगी कंटाळली. "आजोबा, तुम्हाला शिकवायचंच आहे ना? मग त्या बाकावरच्या आजींना शिकवा. शिकवायला दांडी सोडावी लागत नाही."

मी म्हटलं, काहीतरीच काय! या वयात तो पोशाख घालून मी चारचौघांत जाऊ? पण ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला नाही म्हणवेना.

झालं. ह्यांचा एक हात दांडीवर, दुसरा माझ्या पोटाखाली, आणि आवाज भट्टीसमोरचा.

"पाय मार! अगं, पाय!"

"अहो, नाकात पाणी गेलं!"

"जाऊ दे, येईल बाहेर!"

घरी काय आम्ही कमी भांडायचो? पण इतकी गर्दी जमवून कधी भांडलो नव्हतो.

एके दिवशी लक्षात आलं, पोटाखाली हात नाही आणि मी मधोमध पोचलेय.

"अहो, हात कुठाय तुमचा?" मी ओरडले.

"दांडीवर! दोन्ही!"

ह्यांनी दांडी घट्ट आवळली होती आणि ओक्साबोक्शी रडत होते. पोरांना वाटलं आजी बुडतायत. दोघं तर मला वाचवायला निघालीसुद्धा! मी पलीकडच्या काठाला जाऊन वळले आणि परत ह्यांच्याकडे आले.

पुढच्या हिवाळ्यात ह्यांनी अंथरूण धरलं. छाती कोळशाने आधीच खाल्ली होती. डॉक्टरांनी मान हलवली, नातेवाईक जमले, नणंद तर उशालाच बसली. सकाळी ह्यांनी डोळे उघडले.

"आज पोहायला गेली नाहीस?"

"तुम्हाला असं टाकून कुठे जाऊ?"

"जा."

"नाही."

"अगं, जा म्हणतो ना!"

असा राग आला म्हणता! पिशवीत टॉवेल कोंबला, तरातरा गेले, रागारागात पलीकडे जाऊन आले आणि केस न पुसता घरी परतले. ह्यांनी हात उचलून माझ्या केसांत घातला. पाणी ह्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"पलीकडे जाऊन आलीस?"

"आले."

"बरं झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. दुपारी गेले.

नणंद अजून जगाला सांगत फिरते, "माझा भाऊ अखेरच्या घटका मोजतोय आणि ही बाई पोहायला गेली!" सांगू दे. कधी कधी वाटतं, तेवढा वेळ ह्यांच्याजवळ बसायला हवं होतं, आणि मग पाण्यातसुद्धा मला रडू फुटतं. पण ह्यांना कुणीतरी पाण्यातून परत आलेलं बघायचं होतं, आणि मी आले.